नऊ घरांचं पाणी

"सत्यवानकाका, तुम्ही अजून काहीच काढलं नाही," तेजस्वी म्हणाली, आणि शाळेच्या पडवीत बसलेली पंचवीस-तीस माणसं एकदम त्याच्याकडे बघायला लागली.

सत्यवान पाताडे निळं स्केचपेन हातात धरून उकिडवा बसला होता. टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं. समोर जमिनीवर नदीचा भलामोठा कापडी नकाशा पसरला होता. वर फोंडाघाटाच्या अंगाचे डोंगर, खाली मालवणाकडची खाडी आणि मधे नदीला येऊन मिळणारे सगळे व्हाळ. नकाशाशेजारी तीन मोठे कागद. पहिल्यावर लिहिलं होतं, 'आहे तसंच चालू राहिलं तर'. दुसऱ्यावर, 'बाहेरून पाणी आणलं तर'. तिसऱ्यावर, 'आपण मिळून सांभाळलं तर'. अजून पंचवीस वर्षांनी आपल्या गावचं पाणी कसं असेल, ते ज्याला जसं दिसतं तसं काढायचं होतं.

लोकांनी हात आखडता घेतला नव्हता. घाटाखालच्या एका उत्साही गृहस्थाने एवढं मोठं धरण काढलं की त्यात त्याचं स्वतःचंच गाव बुडत होतं. बायकोने ते दाखवून दिल्यावर त्याने धरणाला हात लावला नाही, गाव खोडून जरा वर काढलं. खाडीकाठच्या एका बाईने मात्र रंगबिंग न भरता फक्त आपली विहीर काढली आणि सांगितलं, वरून गोडं पाणी येईनासं झालंय. पूर्वी मे महिन्यात मचूळ व्हायची ती विहीर आता शिमग्याच्या आधीच मचूळ होते. ती खाली बसल्यावर थोडा वेळ कोणी विनोद केला नाही.

तेजस्वी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत कामाला होती. लागोपाठ दोन रविवार बैठका घ्यायच्या आणि या नदीकाठच्या गावांच्या पाण्याचा आराखडा करायचा, हे तिचं काम. मुलगी मूळची पिंगुळीची, पण बैठकीत बोलायची ते अगदी शाळेतल्या बाईंसारखं. सत्यवानाची तिच्याविषयी काही तक्रार नव्हती. ती विचारत होती ते त्याला खरोखरच दिसत नव्हतं, एवढंच.

"माका नऊ दिसांच्या फुडला दिसत नाय," तो म्हणाला.

माणसं हसली. त्याने विनोद केला नव्हता, पण माणसं हसली म्हणून तोही थोडा हसला.

नऊच का, असं तेजस्वीने विचारलं आणि सत्यवानाची कळी खुलली. या विषयावर त्याला कित्येक वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं, आमच्या वाडीच्या व्हाळावर दिवाळीनंतर बांध घालतात. बांधाचं पाणी पाटाने मळ्यात येतं. मळ्यात नऊ घरांचे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, आणि एकेका घराचा एकेक दिवस. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत सगळा पाट त्या घराच्या कुणग्यात. मळ्याच्या वरच्या टोकाला भाई तावड्यांपासून सुरुवात, मग परब, घाडी, गुरव, राणे, चव्हाण, सावंत. आठवा दिवस पाताड्यांचा, म्हणजे त्याचा, आणि नववा अगदी खालच्या जानकी मेस्त्रीचा. दहाव्या दिवशी परत भाई, आणि पावसाळ्यात बांध नसतो तेव्हाही ही मोजणी थांबत नाही. तो पाटकरी. रोज सकाळी खोरं घेऊन जायचं, कालच्या घराचं तोंड बुजवायचं आणि आजच्या घराचं उघडायचं. त्याच्या आधी त्याचा बाप, बापाच्या आधी आजा. एक दिवस चुकलेला नाही. बायको रुक्मिणी गेली त्या सकाळीसुद्धा तिला न्यायच्या आधी तो मळ्यात जाऊन गुरवांचं तोंड उघडून आला होता.

तेजस्वी भराभर लिहून घेत होती. "मग आज कोणाचा दिवस?" तिने विचारलं.

"आज परबांचो."

"परबांनी काय लावलंय यंदा?"

"काय नाय. परब वसईक असतत. घर बंद आसा."

"आणि उद्या, घाड्यांनी?"

"तेंचाय बंद."

तिने एकेक नाव घेतलं आणि तो एकेका घराचं सांगत गेला. नऊ घरांपैकी सात बंद होती. सर्वांत शेवटी, पंधरा वर्षांपूर्वी, भाई तावडे मुलाकडे डोंबिवलीला गेले, बाकीची त्याआधीच. तेजस्वीचं लिहिणं थांबलं. नऊ दिवसांपैकी सात दिवस हा माणूस ओसाड कुणग्यांत पाणी सोडतो, हे पडवीतल्या सगळ्यांच्या हळूहळू ध्यानात आलं.

"म्हणजे गवताक पाणी घालतंस मरे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि या वेळी माणसं हसली ती कशाला हसली हे सत्यवानाला कळलं.

त्याने जानकीकडे बघितलं. वाडीतून आज दोघंच आली होती, कारण वाडीत दोघंच होती. जानकी हसली नाही. पण त्याच्या बाजूने काही बोललीही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. हसणाऱ्यांपेक्षा ते त्याला जास्त लागलं.

तेजस्वीने आवाज खाली आणून विचारलं, "पण का, काका?"

"तेंचो दिस आसा म्हणान," सत्यवान म्हणाला. दुसरं काय सांगणार?

खरं तर सांगण्यासारखं होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या बापाने खोरं हातात देताना बजावलं होतं, पाणी माणसाचं तोंड बघून द्यायचं नाही, घराला द्यायचं. घर जागच्या जागी आहे तोवर त्याचा दिवस जागच्या जागी. हे झालं बाहेर सांगायचं कारण. आतलं असं की, त्या सात दिवसांवरच सत्यवानाचं चाललं होतं. घाड्यांच्या दिवशी तो घाड्यांच्या बांधावर बसायचा, त्यांच्या उंबराखाली चार विड्या ओढायचा, घाड्यांच्या म्हातारीने एकदा त्याला कुळथाची पिठी वाढून वर शिव्या कशा घातल्या ते आठवायचा. चव्हाणांच्या दिवशी चव्हाणांकडे. माणूस पाहुणा जातो तसा तो रोज एकेका घरी जाऊन यायचा. मुलगा मितेश तिकडे नवी मुंबईत, महिन्यातून दोनदा फोन करायचा, आणि दोन्ही वेळा "बाबा, बरे आसास मां" विचारून झालं की दोघांनाही पुढचं सुचायचं नाही. दिवसभर कोणाशी एक शब्द बोलणं झालं नाही असे दिवस वर्षातून शे-दोनशे तरी जायचे. पण ज्याच्याकडे नऊ घरांचं पाणी आहे त्या माणसाला एकटा कसं म्हणायचं? सत्यवान स्वतःला तसं म्हणत नसे.

बैठक सुटल्यावर दोघं व्हाळाच्या कडेकडेने घरी निघाली. जानकी त्याच्या मागून चालत होती. तिचा नवरा त्याच्यापेक्षा धाकटा, दहा वर्षांपूर्वी झाडावरून पडून गेलेला. तेव्हापासून ती मळ्याच्या शेवटच्या तुकड्यात लाल भाजी, चवळी, मिरची काढायची आणि मंगळवारच्या बाजारात नेऊन विकायची. व्हाळ ओलांडायच्या साकवापाशी आल्यावर ती थांबली.

"भावोजी, तुमका आधीच सांगतंय. शिमगो झालो की मीय कुलूप घालतंय. चेडू बोलवता पनवेलाक."

तिची मुलगी तिकडे पनवेलला असायची.

"भाजी पाचव्या दिसाक मान टाकता. बावडेत पाणी ऱ्हवाक नाय. तुमी तुमच्या दिसाचा उरला-सुरला माका सोडतास, खोटा कित्याक बोला? पण ता माझ्या दिसाच्या आदल्या सांजेक. एक दिस मळो बुडता नि आठ दिस सुकता. मी काय करू?"

तिने बंद घरांच्या सात दिवसांविषयी एक अक्षर काढलं नाही. इतक्या वर्षांत कधीच काढलं नव्हतं. तीही याच वाडीत नांदलेली. नियम तिला ठाऊक होता. दिवस काढून घेता येत नाही. ज्याचा आहे त्याने आपल्या तोंडाने, पाण्याला ऐकू जाईल असा सोडायचा. अमुक घराचो दिस मी पाण्याक सोडलंय, असं. सत्यवानाच्या आज्याच्या वेळी एका घराने सोडला होता, तेव्हा सगळी वाडी पाटावर उभी होती म्हणतात.

"पंचवीस वर्सांनी काय, ता माका नको," जानकी म्हणाली. "माका हो शिमगो खंय दिसता?" आणि ती साकवावरून पुढे गेली.

सोमवारी घाडी, मंगळवारी गुरव. बुधवारी राण्यांचा दिवस. सत्यवानाने सकाळी राण्यांचं तोंड उघडलं आणि रोजच्यासारखा बांधावर बसला. पाणी गवतात पसरलं. दोन बगळे आले. दुपारी तो खाली गेला तर जानकी विहिरीच्या तळातून कळशी काढत होती आणि एकेका मिरचीच्या बुंध्याशी ओंजळभर पाणी घालत होती. लाल भाजीचा वाफा पडला होता. तिने वर बघितलं नाही आणि त्यालाही हाक मारवली नाही. वर राण्यांच्या कुणग्यात पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि तिथे एक बेडूक मजेत होता.

ती गेली की वाडीत आपण उरलो, हे त्याने तोवर मनाशी नीट म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. मग नऊ दिवसांतले आठ दिवस बंद घरांचे, आणि नववा त्याचा स्वतःचा. त्याला एकदम भीतीच वाटली.

पाणी गुपचूप खाली वळवलं असतं तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. तेजस्वीने बैठकीनंतर हेच हळूच सुचवलं होतं, आणि तेव्हा तो तिच्यावर थोडा उखडलाही होता. चोरी बघायला कोणी नाही म्हणून ती चोरी नाही, असं थोडंच आहे? त्याने घरी येऊन देवघराच्या फळीवरची जुनी डायरी काढली. तिच्यात सगळ्यांचे नंबर होते. फोनला रेंज फक्त वर खडकाळ सड्याला लागून असलेल्या भाईंच्या कुणग्यात यायची, आणि पाटही तिथूनच मळ्यात शिरायचा. म्हणजे फोन पाण्यावर धरला तर घरचा माणूस पाण्यापाशी आल्यासारखंच झालं. हे आपल्या बापाला पटलं असतं का, याचा त्याने थोडा विचार केला आणि पटलं असतं असं ठरवून टाकलं.

पहिला फोन वसईला परबांच्या मुलाला, सुदेशला. त्याला आधी वाटलं जमीन विकायची चाललीय. सातबाऱ्यावरचं नाव जाणार का, सही करावी लागेल का, वकिलाला विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पंधरा मिनिटांनी त्याला कळलं की हे नुसतं पाण्याचं आहे, तेव्हा तो मोकळा हसला आणि म्हणाला, एवढंच ना, सगळं घ्या. सत्यवान म्हणाला, असं नाही, म्हणायला पाहिजे. त्याने म्हटलं. गुरवांचा दत्तप्रसाद कुठल्याशा मोठ्या दुकानात रांगेत उभा होता. संध्याकाळी मेसेज टाकतो म्हणाला. मेसेज चालत नाही, बोलावं लागतं, म्हटल्यावर त्याने रांगेतच, आवाज दाबून, आपल्या घराचा दिवस पाण्याला सोडला. मागच्या माणसाने त्याला काहीतरी विचारलं आणि "काही नाही, गावची माणसं," असं तो बोलल्याचं सत्यवानाला ऐकू आलं. राण्यांची सून पुण्याची. ती फार सभ्य. तिने सगळं वाक्य लिहून घेतलं, एकेक शब्द त्याच्यामागून म्हटला, आणि बरोबर आलं का, हेही विचारलं. घाड्यांचा नंबर बंद होता, नवा चव्हाणांनी दिला आणि त्यावर त्यांनीही सोडला. चव्हाणांनी स्वतःचा दिवस एका दमात सोडला, कारण त्यांना गाडी पकडायची होती.

सावंतांकडे त्यांच्या नातीने, सलोनीने, फोन घेतला. घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगी कॉलेजात जाणारी, तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आजोबा, मी जन्मले तेव्हापासून तुम्ही आमच्या शेतात पाणी सोडताय?"

"होय."

"आम्हाला माहीतच नव्हतं."

तिने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. उलट तिच्या आवाजात जरा ओशाळलेपणच होतं. तिने दिवस सोडला आणि थँक्यूही म्हणाली. सत्यवान फोन बंद करून पाटाच्या कडेला बसला. शुक्रवारची दुपार होती, आणि शुक्रवार सावंतांचाच. सहा घरांनी दोन दिवसांत आपापले दिवस सोडले होते आणि एकालाही आपला असा काही दिवस आहे हे ठाऊक नव्हतं. कोणी भांडलं असतं, नाही म्हटलं असतं, निदान गावात येऊन सोडतो म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं आपण कोणाची ठेव सांभाळत होतो? उन्हं उतरेपर्यंत तो तिथून उठला नाही.

भाई तावड्यांचा फोन त्याने शनिवारवर टाकला. भाई चौऱ्याऐंशीचे, कानाने कमी. मुलगा जितेंद्र फोनवर आला आणि म्हणाला, बाबांना हल्ली फारसं समजत नाही, मीच सांगतो त्यांच्या वतीने. पण मागून "कोण तो? दी हकडे" असं ऐकू आलं आणि फोन भाईंच्या हातात गेला.

सत्यवानाने सगळं सांगितलं. जानकीचं सांगितलं, सहा घरांचं सांगितलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला यातलं काही कळलेलं नसणार.

"आज शनवार," भाई म्हणाले. "आज तुझो दिस. उद्या जानकीचो. परवा सोमवारी माझो."

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बसून हा माणूस पंधरा वर्षं नऊ दिवसांची ओळ मोजत होता आणि ती बरोबर होती.

"तुमी मोजतास, भाई?"

"मगे काय करू? हयसर सगळे दिस ह्येंचे. झिलाचे, सुनेचे, नातवांचे. माका इचारल्याशिवाय येतत नि जातत. नवव्या दिसाक एक माझो दिस येता. तो मी सोडूचंय नाय."

"नको सोडू," सत्यवान म्हणाला. भाईंना एकेरी बोलून गेलो हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं. भाईंनी ते मनावर घेतलं नाही. सोमवारी तोंड उघडताना फोन कर, एवढंच त्यांनी बजावलं. माका आयकाचा आसा, म्हणाले.

त्या रात्री सत्यवान जेवला तो दोन घास जास्त. एका तरी घराला आपला दिवस ठाऊक होता. जानकीची आठवण त्याला हात धुताना झाली आणि मग आपण एवढे खूश झालो याची त्याला थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या रविवारच्या बैठकीत तेजस्वीने नकाशावर त्यांच्या मळ्याचे नऊ तुकडे वेगळे काढून आणले होते. सहा दिवस सुटले हे ऐकून तिचा चेहरा उजळला. तिने लगेच मांडून दाखवलं: आता तीनच घरं, म्हणजे जानकीचं पाणी तिसऱ्या दिवशी. आणि भाईंचाही दिवस सुटला तर एक दिवसाआड. शिवाय जानकीच्या तुकड्यातून निथळलेलं पाणी परत व्हाळात, व्हाळातून नदीत. खाडीकाठची ती विहिरीवाली बाई पुढे सरकून ऐकत होती. एका व्हाळाने तिची विहीर गोड होणार नव्हती, पण असे वीस व्हाळ या नकाशावर होते, असं तेजस्वी म्हणाली. मग तिने जानकीला विचारलं, तिसऱ्या दिवशी पाणी आलं तर चालेल का?

जानकीने थोडा विचार केला. "भाजी ऱ्हवात. मिरची ऱ्हवाची नाय," ती म्हणाली. आणि तिचं चार पैशांचं काय ते मिरचीवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेजस्वी सत्यवानाकडे वळली. आता ती पुस्तकी बोलली नाही. "काकानु, भाईंका आणखी एकदा इचारून बघतास? म्हातारो माणूस, समजावल्यार आयकात."

"ना," सत्यवान म्हणाला. "तेका सगळा समाजलेला आसा. समजान ना म्हणता तो."

मागच्या रविवारी हसलेली माणसं या वेळी हसली नाहीत, पण पडवीत कुजबुज झाली. एका ओसाड तुकड्यासाठी जितंजागतं घर उठणार, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते खोटं नव्हतं. आपण चूक करतोय की बरोबर, हे सत्यवानाला खरोखरच कळत नव्हतं.

"ऱ्हवांदे भाईंचो दिस," जानकी म्हणाली. "म्हाताऱ्याक एकच तर आसा." मग पदर सावरून ती उठली. तिला घरी जाऊन वाफ्यात पाणी बघायचं होतं, तिचा दिवस होता. शिमग्याचं काय ठरलं, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचं धैर्य सत्यवानाला झालं नाही.

सोमवारी सूर्य डोंगरावर येण्याच्या बेताला सत्यवानाने खाली जाऊन जानकीचं तोंड बुजवलं. ती घरापुढच्या खळ्यात भांडी घासत होती. तिने बघितलं आणि परत भांड्यांना लागली. पाटाच्या काठाने तो वर भाईंच्या कुणग्यात आला, खोऱ्याने तोंड उघडलं आणि मग फोन लावला. पहिल्याच घंटीला भाईंनी उचलला.

"उघडलंस मां?"

"उघडलंय."

"मगे आयकाक कसा येत नाय?"

सत्यवान वाकला आणि फोन पाण्याजवळ नेला. पाटाचं पाणी तिथे हातभर उंचीवरून कुणग्यात पडायचं. भाई आणखी खाली धर म्हणाले. त्याने गुडघे टेकले आणि फोन धारेपासून वीतभर अंतरावर धरला. भाई ऐकत राहिले.

"धार बारीक झाली रे, सत्या."

ही गोष्ट सत्यवान आजवर कोणाशी बोलला नव्हता. बैठकीत त्या तीन कागदांपुढे बसून पुढचं काही दिसत नाही म्हणाला, तेव्हासुद्धा हेच त्याच्या डोळ्यांपुढे होतं आणि ते त्याने काढलं नव्हतं. पूर्वी याच धारेचा आवाज भाईंच्या घरात माजघरापर्यंत जायचा.

"होय भाई. बारीक झाली."

"केदवांपासून?"

"झाली धा-बारा वर्सां."

"माका बोललंस नाय कदी."

फोन करून असं कोणाला सांगतात का?

"माझ्या कुणग्यात काय आसा आता?" भाईंनी विचारलं.

"गवात."

"आणि जानकी काय घालता म्हणालंस?"

"लाल भाजी, चवळी. मिरची."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. सुनेने "बाबा, चहा निवतोय" म्हणून हाक मारली. भाईंनी तिला ओ दिली नाही. सत्यवानाचे गुडघे चिखलात रुतले होते, पण तो हलला नाही.

"सत्या, फोन पाण्यार धर. नीट धर."

त्याने धरला. आणि भाई बोलले. हळू नव्हे, घोगरं नव्हे. मळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारावी तसं मोठ्याने, आपलं, बापाचं आणि घराचं नाव घेऊन. तावड्यांच्या घराचो दिस मी पाण्याक सोडलंय, म्हणाले. बाकीच्यांना सत्यवानाने शब्द सांगितले होते. भाईंना कोणी सांगावे लागले नाहीत.

सत्यवानाने फोन बांधावरच्या दगडावर ठेवला आणि खोरं उचललं. दोन ढेकळं, मग तिसरं, मग पायाने दाबलेला चिखल. धार थांबली. पाणी पाटात जागच्या जागी थोडं चढलं, अडखळलं, आणि खालच्या बाजूला चालू लागलं. सकाळी बुजवलेलं जानकीचं तोंड आता त्याला परत उघडायचं होतं.

"वळला?"

"वळला."

भाईंनी फोन ठेवला नाही आणि सत्यवानानेही नाही. मळ्याच्या शेवटापर्यंत पोचायला पाण्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते दोघं फोन कानाला लावून बसून राहिले.